काकूंची एक चूक

काकूंच्या घरात फ्रिजवर चिठ्ठी लावायची म्हणजे परीक्षेला बसल्यासारखं होतं. लंडनच्या पिनर भागातल्या त्यांच्या घराची वरची मागची खोली मी भाड्याने घेतली होती. नागपूरहून येऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले असतील. एका सकाळी घाईघाईत 'मिल्क इज ओव्हर' असं पिवळ्या कागदावर लिहून मी तो फ्रिजला चिकटवला आणि ऑफिसला पळाले. संध्याकाळी येऊन बघते तर माझ्या ओळीखाली पेन्सिलीने, बारीक सरळ अक्षरात लिहिलेलं: 'ओव्हर क्रिकेटमध्ये असते. दूध संपलं तर वुई हॅव रन आउट ऑफ मिल्क.' आणि फ्रिजमध्ये दुधाच्या दोन बाटल्या.

दोन्ही गोष्टी काकूंच्याच. चूक दाखवायची आणि दूधही आणून ठेवायचं. मला मात्र पुढे कितीतरी दिवस फक्त पहिलीच दिसत असे.

तशी सुरुवात दारातच झाली होती. खोली बघायला गेले तेव्हा बेल वाजवून मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "मायसेल्फ सॉफ्टवेअर टेस्टर, फ्रॉम नागपूर." दारात एक बुटकीशी, ताठ बाई. राखाडी पँट, हाताने विणलेलं कार्डिगन, खिशातून डोकावणारी पेन्सिल. चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्या शुद्ध मराठीत म्हणाल्या, "मायसेल्फ म्हणजे कोण? तूच ना? मग 'आय अ‍ॅम' म्हण. आत ये, बाहेर गारठा आहे."

त्यांचं वय तेव्हा पंचाहत्तरीच्या आसपास होतं. माहेर मिरजेचं. लग्न होऊन लंडनला आल्या त्याला पन्नास वर्षं होत आली होती. यजमान पोस्टात होते, ते जाऊनही बरीच वर्षं झाली होती. एकुलता मुलगा लीड्सला. घरात या एकट्या, आणि रेडिओ.

रेडिओ दिवसभर चालू असे आणि काकू त्याच्याशी भांडत. पहिल्या आठवड्यात मी वरच्या खोलीत असताना खालून एकदम आवाज आला, "मी! मी!" मला वाटलं, कोणी तरी त्यांना हाक मारतंय आणि त्या ओ देताहेत. धावत खाली गेले तर स्वयंपाकघरात त्या एकट्याच, हातात लाटणं, नजर रेडिओवर. कोणी मंत्री 'बिटवीन यू अँड आय' म्हणाला होता. तिथे 'आय' चालत नाही, 'मी' म्हणजे एम-ई पाहिजे, हे त्या मंत्र्याला ओरडून सांगत होत्या. "एवढी शाळा शिकलेत," त्या मला म्हणाल्या, "आणि मिरजेच्या बाईने सांगायचं यांना!"

सुपरमार्केटमध्ये 'टेन आयटम्स ऑर लेस'च्या रांगेत उभं राहायला त्या तयार नसत. मोजता येणाऱ्या वस्तूंना 'लेस' नाही, 'फ्युअर'. टोपलीत फक्त पाव आणि दही असलं तरी लांबच्या रांगेत उभ्या राहत आणि बरोबर मी असले तर मलाही उभं करत. 'कुड हॅव'च्या जागी कोणी 'कुड ऑफ' लिहिलं की त्यांना खरोखरच दुखायचं, दाढ दुखावी तसा चेहरा होई. वेम्बलीला ईलिंग रोडवर त्यांचा एक ठरलेला भाजीवाला होता, गुजराती. तो पाटीवर खडूने मँगोज, टोमॅटोज, पोटॅटोज जे काही लिही, त्या प्रत्येक शब्दाच्या शेवटच्या एस-आधी नको असलेला एक अपॉस्ट्रॉफी, म्हणजे वरचा स्वल्पविराम, ठोकून देई. काकू पर्समधून रुमाल काढून तो ठिपका पुसत आणि मगच भाजीला हात लावत. एकदा त्या कोथिंबीर निवडत असताना मी त्याला हळूच विचारलं, "भाई, इतकी वर्षं सांगताहेत, लिहीत का नाही नीट?" तो हसून हिंदीत म्हणाला, "सही लिखूंगा तो ये आएगी क्यों? दो बस बदलके आती है मेरे पास."

हे मी काकूंना कधी सांगितलं नाही.

त्यांच्या या वेडामागची गोष्ट मला वर्षभराने कळली. माझी नोकरी कायम होण्यासाठी एक मुलाखत होती. आदल्या रविवारी काकूंनी मला समोर बसवून तयारी करून घेतली. मी 'डिस्कस अबाउट' म्हटलं की टेबलावर पेन्सिल आपटायची, 'रिव्हर्ट बॅक' म्हटलं की दोनदा. आठव्यांदा पेन्सिल आपटली तेव्हा मी चिडले. म्हटलं, "काकू, माझं म्हणणं कळतं ना लोकांना? मग पुरे की!"

त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "मी आले त्या वर्षी एका ऑफिसात टायपिस्टची जागा होती. मिरजेला दोन्ही टायपिंगच्या परीक्षा दिलेल्या, स्पीड त्यांच्या कोणाहीपेक्षा जास्त. साहेबाने विचारलं, कधीपासून येऊ शकाल? मी म्हटलं, 'टुडे इटसेल्फ.' आपण म्हणतोच ना, आजच्या आज. तो कळवतो म्हणाला. मी बाहेर येऊन कोट घालत होते. दार अर्धं उघडं. आतून तो दुसऱ्याला म्हणाला, 'टुडे इटसेल्फ!' आणि दोघंही हसले. माझ्या बोलण्याची नक्कल करून, मान हलवून." काकूंनी पेन्सिल खिशात ठेवली. "कोटाचं बटण लागेना माझ्या हाताने. तेव्हा ठरवलं, या लोकांना माझ्यावर हसायला जागा म्हणून ठेवायची नाही."

त्यानंतर त्या तीन वर्षं संध्याकाळच्या वर्गाला गेल्या. एका हॉस्पिटलात डॉक्टरांची पत्रं टाइप करायची नोकरी मिळाली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या. टेपवर डॉक्टर काहीही बोलोत, कागदावर निर्दोष इंग्रजी उमटे. मोठमोठे सर्जन सही करण्याआधी पत्र वाचत आणि आपण असं बोललो होतो का, म्हणून चकित होत. निरोपाच्या दिवशी एका डॉक्टरने शेरी वाइनची बाटली आणि कार्ड दिलं. कार्डावर अपॉस्ट्रॉफी चुकलेला. काकूंनी कार्ड दुरुस्त करून परत केलं. बाटली ठेवून घेतली.

मुलाखत चांगली झाली. मला नोकरी मिळाली. काकूंनी त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या आणि मी फोनवर आईशी बोलताना नोकरीचं सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं. त्या तिथेच पोळी लाटत होत्या.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला वेळ लागला. मुलगा लीड्सहून आला की घरात मराठीच चाले, आणि ते मराठी ऐकून माझेच कान टवकारत. "आई, तुझा खुर्ची कुठे ठेवू?" "भाजी मस्त झाला." इंग्लंडमध्ये जन्मलेला, चाळिशी उलटलेला माणूस, मोठ्या कंपनीत वकील. त्याचं इंग्रजी काकूंच्या कसोटीला उतरणारं. पण मराठीत खुर्ची पुरुष आणि टेबल बाई. आणि काकू? पेन्सिल खिशात, चेहऱ्यावर हसू. एकही दुरुस्ती नाही.

"त्याला का नाही हो सांगत?" मी विचारलं.

"कशाला? बोलतो हेच पुष्कळ आहे. मराठीत चुकलं म्हणून त्याला कोण दारातून परत पाठवणार आहे?"

शेजारी एक वयस्क इंग्रज जोडपं राहत होतं. हिवाळ्यात त्यातली बायको गेली. त्यानंतर तीन-चार दिवसांनी तिच्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने लिहून आसपासच्या घरांत अंत्यविधीची चिठ्ठी टाकली. त्यात 'पास्ड अवे' लिहिताना त्याने 'पास्ट' लिहिलं होतं, भूतकाळ या अर्थाचं. काकूंनी चिठ्ठी वाचली, "अरेरे, गेली बिचारी," म्हणाल्या, डोळे पुसले. आणि डोळे पुसता पुसताच खिशातून पेन्सिल काढून तो शब्द दुरुस्त केला. मी बघत होते. त्यांना आपण काय केलं हे कळलंही नसावं. वेळ लक्षात राहावी म्हणून त्यांनी ती चिठ्ठी फ्रिजवर लावली.

दुसऱ्या दिवशी तो शेजारी जास्तीच्या खुर्च्या मागायला आला. काकूंनी त्याला स्वयंपाकघरात बसवलं, चहा ठेवला. तो उठून फ्रिजजवळ गेला आणि उभाच राहिला. काकूंनी वळून बघितलं आणि त्यांच्या हातातला चमचा खाली पडला.

"लिहायचं काम सगळं तीच करायची," तो इंग्रजीत म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मला ते कधी जमलं नाही. कार्डं, पत्रं, सगळं तिचं."

"आय अ‍ॅम सो सॉरी," काकू म्हणाल्या. इतक्या वर्षांचं कमावलेलं इंग्रजी, पण पुढचं वाक्य मिळेना.

तो गेल्यावर त्या खोडरबर घेऊन ती खूण पुसत बसल्या. कागद झिजला तरी पुसतच होत्या. त्यानंतर दर बुधवारी दुपारी त्या शेजारी जाऊ लागल्या. कधी उपमा, कधी केक. त्याला आलेली पत्रं वाचून दाखवत, उत्तरं लिहून देत. त्याने काकूंना आपल्या घराची किल्ली दिली आणि काकूंनी त्याला आपली.

अडीच वर्षांनी माझं लग्न झालं आणि मी रेडिंगला राहायला गेले. निघताना काकू म्हणाल्या, "फोन करत जा. आणि मेसेज कर, पण पूर्ण वाक्यात." त्यांचे मेसेज अगदी छापील असत. पहिलं अक्षर मोठं, शेवटी पूर्णविराम, मध्ये अर्धविरामसुद्धा. सुरुवातीला मी दर महिन्याला पिनरला जात होते. मग दोन महिन्यांनी. मग 'पुढच्या रविवारी नक्की', असं तीन रविवार चाललं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी मी मीटिंगमध्ये होते. फोन थरथरला. काकूंचा मेसेज. 'युअर कमिंग संडे आय मेड चिवडा फॉर फॉर यू'. 'तू येते आहेस' यासाठी 'यू आर' पाहिजे, तिथे 'तुझं' या अर्थाचं 'युअर'. एक शब्द दोनदा. प्रश्नचिन्ह नाही, पूर्णविराम नाही.

मला इतका आनंद झाला! खरं सांगते, आनंदच झाला. माझ्या कित्येक चिठ्ठ्यांवरची पेन्सिल आठवली. मी त्या मेसेजचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला, 'बघ, काकू चुकल्या!' म्हणून. आणि काकूंना लिहिलं, 'काकू!! युअर?? आज सूर्य कुठे उगवला? दहापैकी शून्य!' पुढे तीन हसरे चेहरे.

वीसेक मिनिटांनी उत्तर आलं. एकच शब्द. 'सॉरी'. त्याचं पहिलं अक्षरही लहान होतं.

मी हसले, फोन पालथा ठेवला आणि मीटिंगकडे लक्ष दिलं. रविवारी येते की नाही, हे कळवायचं राहूनच गेलं.

गुरुवारी दुपारी काकूंच्या मुलाचा फोन आला. बुधवारी काकू शेजारी गेल्या नव्हत्या. त्या माणसाला वाटलं, आपलंच काही चुकलं असेल, रागावल्या असतील. गुरुवारी सकाळी पडदे उघडलेले दिसले नाहीत तेव्हा तो किल्ली घेऊन आत गेला. काकू स्वयंपाकघरात जमिनीवर होत्या. स्ट्रोक.

मी संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये पोचले. मुलगा कॉरिडॉरमध्ये उभा होता. त्याला मी दादा म्हणत असे. तो म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, दोन-तीन दिवस आधीपासून छोटे छोटे झटके झाले असणार. विचारत होते, बोलण्यात, लिहिण्यात काही फरक वाटला होता का. तुझा काही बोलणं झाला होता तिच्याशी?"

फोन माझ्या हातातच होता.

"नाही," मी म्हटलं. "विशेष काही नाही."

काकू जगल्या. उजवा हात गेला. काही आठवड्यांनी त्यांना पुनर्वसनाच्या वॉर्डात हलवलं. मी आता दर रविवारी जात होते, एकही न चुकवता. आधी जमत नव्हतं ते सगळं आता जमत होतं. त्या उशांना टेकून खिडकीबाहेर बघत बसत. मी गेले की मान वळवत, डाव्या हाताने माझा हात धरत. पण बोलत नसत.

बोलायला शिकवणारी जी बाई तिथे येत असे, ती एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्यांना बोलता येतं. शब्द येतात, पण उलटसुलट येतात. व्याकरण मोडतं. आणि ते त्यांना ऐकू येतं, म्हणून त्या थांबतात. इतर पेशंट चुकत चुकत बोलतात आणि सुधारतात. या तोंडच उघडत नाहीत. तुम्ही जवळच्या आहात. त्यांना सांगा ना, चुका चालतील म्हणून."

मी परत जाऊन खुर्ची ओढून बसले. "काकू," मी म्हटलं, "कसंही बोला. चुका चालतील."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नजर स्वच्छ होती, सगळं समजत असलेली. मग हळूहळू दोनदा मान हलवली. नाही. आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. त्या नजरेत राग होता की काय होतं, मला अजून ठरवता आलेलं नाही. मला माफी तिथेच मागायची होती. ओठांवर आली होती. पण नर्स औषधं घेऊन आली आणि मला बरंच वाटलं.

एका रविवारी मी लवकर पोचले. पलंगाभोवती पडदा ओढलेला होता आणि आतून आवाज येत होता. काकूंचा आवाज. चार महिन्यांनी ऐकत होते.

"पाणी... दे. तो... ती... गार."

"गार पाहिजे तुला? हा घे." मुलाचा आवाज.

"उशी... वर कर. वरचा. नाही, वरची."

"असा?"

"हं. चांगला... आहे."

मराठी. तुटकं, मोडकं, लिंग-वचन सगळं इकडचं तिकडे. त्या चुकत होत्या आणि बोलत होत्या. तोही चुकत होता, आणि दोघांनाही त्याचं काही नव्हतं. त्या एका माणसाजवळ काकूंना बोलायची भीती नव्हती, कारण त्याला त्यांनी जन्मात कधी टोकलं नव्हतं. मी पडद्याबाहेर उभी राहिले. आत गेले असते तर त्या गप्प झाल्या असत्या. त्या दिवशी मी त्यांना न भेटताच परत आले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी दुसरा झटका आला आणि काकू गेल्या.

ऑगस्टमध्ये मुलाने घर विकायला काढलं. सामान आवरायला मला बोलावलं. कपाटं रिकामी झाली, पुस्तकं खोक्यांत गेली. दुपारी आम्ही दोघं जिन्यावर सँडविच खात बसलो होतो. घरात आता आवाज घुमत होता.

"दादा," मी म्हटलं, "मी तुमच्याशी खोटं बोलले होते."

फोन काढून मी त्याच्या हातात दिला. त्याने काकूंचा मेसेज वाचला. खाली माझं उत्तर. तीन हसरे चेहरे. त्याखाली तो एक शब्द. तो फोनच्या स्क्रीनकडे बघत राहिला. मला वाटलं आता ओरडेल. ओरडावं असंही वाटत होतं.

त्याने फोन मला परत दिला आणि खिशातून स्वतःचा काढला. बोटाने वर वर सरकवत गेला, थांबला आणि माझ्यापुढे धरला.

तोच मंगळवार. माझ्याआधी पाऊण तास. 'आर यू फ्री हँड फनी'. एवढंच. हात विचित्र वाटतोय, असं काहीतरी त्यांना सांगायचं असावं. खाली त्याने पाठवलेला एक अंगठा. वर केलेला.

"मी कोर्टात होतो," तो म्हणाला. "मला वाटला, काहीतरी गंमत पाठवलीय. वाचलाच नाही नीट."

म्हणजे आधी त्यांनी त्याला विचारलं होतं. मग मला.

तो उठला. "चल, स्टेशनपर्यंत येतो मी." उतारावरून आम्ही चालत गेलो. स्टेशनच्या दारात मी पास शोधत होते तेव्हा तो म्हणाला, "तिला समजला असेल का गं, की आपण दोघं..."

वाक्य त्याने तिथेच सोडलं. आत ट्रेन लागल्याची घोषणा झाली. मी त्याचा दंड धरला, थोडा वेळ धरूनच ठेवला, आणि ती ट्रेन जाऊ दिली.